वेग : नेहमीचा

हॅलो?… हॅलो, कोण?… आनंदीकाकू! बोला ना.… हो, वल्लरीच. कंपनीतच आहे, बोला.… आवाज तुटतोय तुमचा. घरात आहात का? अंगणात या जरा… अजून थोडं… हां, आता येतोय.

काय झालं? रेश्मा?… रडतेय? कालपासून?… जेवलीही नाही?… हो काकू, माहीत आहे मला. पॅकिंगमधल्या तीन नव्या मुलींना काढायची यादी आहे, त्यात तुमच्या सुनेचं नाव आहे.… ताशी तीनशे बॉक्स भरायला हवेत, तिचे दोनशे दहा होतात म्हणून.… आज चार वाजता यादी वर जाते. माझ्याच टेबलावर आहे. सही माझी लागते.

अहो, ऐका ना… आळशी कोण म्हणतंय तिला? मी रोज आकडे बघते. पहिल्या आठवड्यात एका बॉक्सला तीस सेकंद घेत होती. गोळ्यांच्या दहा स्ट्रिप, माहितीचा कागद, झाकण. आता सतरा सेकंद. तीन आठवड्यांत सतरा म्हणजे छान शिकतेय पोरगी. हात बसायला वेळ लागतोच… हो, भाकरीसारखंच. आधी भराभर जमत जातं, मग सुधारणा मंदावते. प्रत्येकीचा असा उतार असतो, आम्ही तो कागदावर काढतो. रेश्माचा काढलाय मी. दोन-तीन महिन्यांत ती पंधरा सेकंदांवर येऊन थांबेल असं दिसतंय. बाकीच्या दोघीही तिथेच थांबतायत. आणि हवेत बारा! तिघीही तिथेच का थांबतात, हेच मला कळेना झालंय.

साहेब म्हणतात, टार्गेट म्हणजे टार्गेट. आणि ते काही हवेतून नाही आलं काकू, मीच लावलंय. तुमच्यावरूनच तर!… अहो, दिवाळीनंतर मी स्टॉपवॉच घेऊन तुमच्याजवळ उभी होते, ते नाही का? तीस बॉक्स मोजले. एका बॉक्सला अकरा सेकंद पडले. पाणी पिणं, पाठ मोकळी करणं, त्याची सूट धरून बारा. ताशी तीनशे.

काय?… परत सांगा.… नाही, ऐकू येतंय. परत सांगा.

परीक्षा? माझी?… साहेब मागे उभे होते म्हणून?… अहो, परीक्षा कसली! मोजणी होती ती!… काय म्हणालात?… 'बाईंची पोर नापास व्हायला नको.' म्हणजे आईनं शाळेत तुमच्या प्रवीणला शिकवलं, म्हणून तिच्या मुलीची लाज राखायला तुम्ही… अगं आई गं.

'बांधावर मानूस आला की हात चालतोच गो.' अहो, भाताच्या लावणीला ठीक आहे हो, पण… आणि दुसऱ्या दिवशी?… मनगट सुजलं? तेल लावून बसलात? आणि मला सांगितलं नाहीत?

थांबा. थांबा हां… फाइल काढतेय. हे तुमचे रोजचे आकडे. दोनशे चाळीस… दोनशे पस्तीस… पुन्हा दोनशे चाळीस. म्हणजे पंधरा सेकंद! सहा वर्षं काम करणारी बाई, आणि जे टार्गेट तिच्यावरून लागलं त्याला एकही दिवस पोचलेली नाही. जुन्या बायांना कोणी विचारत नाही म्हणून खपून गेलं. आणि मी काय समजले, माहितेय? मी म्हटलं, काकूंचं वय झालं… हसू नका हो. मला लाज वाटतेय.

नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही. कागदावर एक रकाना असतो, बाई किती वेगानं करतेय त्याचा. जोरात करत असेल तर तसं लिहायचं आणि तेवढे सेकंद वाढवून धरायचे. मी काय लिहिलंय, वाचून दाखवू? 'वेग : नेहमीचा.' माझंच अक्षर आहे. मी तुमच्याकडे बघितलंच नाही काकू, घड्याळाकडे बघत राहिले. एकदा मान वर केली असती तरी तुम्हाला फुटलेला घाम दिसला असता.

काय करणार म्हणजे? साहेबांना सांगणार.… हो, पर्मनंट पुढच्याच महिन्यात करणार आहेत. अजून केलेलं नाही.… होऊ दे लांबणीवर. नाहीतर नाही होणार, काय करायचं?… छे, तुम्ही काहीएक सांगायचं नाही. 'मी मुद्दाम हात जोरात चालवला' म्हणालात तर ते तुम्हालाच काढतील.… कागद फाडून टाकू? नाही काकू. तोच घेऊन जाणार आहे आत.

सोमवारपासून पुन्हा मोजू द्या, असं सांगणार. चार बाया, पूर्ण पाळी, सकाळी आणि जेवणानंतरही. आणि तुम्ही रोज भरता तशाच भरायच्या हं. माझ्यासाठी काही करायचं नाही.… 'हात ऐकत नाय' म्हणजे काय? मग मी खांबाआड उभी राहते!

रेश्माला?… शब्द नाही देत मी. साहेब ऐकतील की नाही, मला खरंच माहीत नाही. पण त्या यादीवर माझी सही होत नाही, एवढं सांगा तिला. आणि जेवायला घाला आधी.… नाही, आईला मी सांगेन. तुम्ही नका फोन करू.

हो साहेब! आले, आले… काकू, ते बोलावतायत. ठेवते.… काय?… वाटतेय की भीती. पण कागद घेतलाय हातात.… ठेवते.