दिवे मंदावतात का?

नाही, नाही, लेकीला फोन नका करू — गाडी तिच्या नावावर असली म्हणून काय झालं, बोलावलंय तर मी ना तुम्हाला? सकाळपासून किल्ली फिरवून फिरवून बोटं दुखायला लागली. टक्-टक्-टक्-टक् करते आणि गप्प. एकच टक् असतं तर म्हटलं असतं, स्टार्टर गेला. ही घाईघाईची टकटक म्हणजे बॅटरी उतरलीय. कानाने ओळखतो मी, चाळीस वर्षं चालवतोय, थट्टा नाही — बरं, उघडा बॉनेट, पण जरा हात चालवा, मिस्त्री. अकराला आमच्या हिला गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचंय, पाच मिनिटं उशीर झाला तरी ती दवाखान्यातली बाई नंबर पुढच्या आठवड्यावर ढकलते. आणि लेकीने बजावलंय — बाबा, आता एकदा जरी गाडी अडली, तर किल्ली मी घेऊन जाणार.

काय? समोर उभं राहून दिवे बघू? म्हणजे तुम्ही आत बसून किल्ली फिरवणार आणि मी सांगायचं, दिवे मंदावतात का — कळलं, कळलं, मला काय शिकवता. फिरवा... हं! मंदावले की! अगदी मिणमिणते झाले. बॅटरीच, म्हटलं नव्हतं? — काय? लावलेच नव्हते? मग आधी लावा ना, मिस्त्री! म्हाताऱ्याची फिरकी घेता का? ऊन डोळ्यांवर येतंय, म्हणून. — पाठीमागून येतंय? असेल. आणि हे काय, मीटर? आकडा तुम्हीच वाचा, माझा चष्मा घरात राहि— नाकावर आहे, हो, पण हा लांबचा.

बटण चालू होतं? आल्या आल्या तुम्हीच बंद केलंत? मग झालं की निदान, कालपासून दिवे जळत राहिले, बॅटरी बसली! भर दुपारी दिवे कशाला लावले — अहो, ढगाळ होतं काल. नव्हतं? आमच्या रस्त्याला होतं. आणि मी काही एकटा चालवत नाही, ही असते शेजारी, सांगत. लाल लागला, थांबा. हिरवा झाला, निघा. डावीकडे सायकलवाला आहे, सांभाळून. लोकांना वाटतं बायको कटकट करते — करू दे की! तिला गुडघ्यांमुळे चालवत नाही, आणि मला... मला तिच्याशिवाय जमत नाही, एवढंच. दोघं मिळून एक धड माणूस होतो आम्ही. पण हे लेकीला सांगायचं नाही हं. किल्ली गेली की आम्ही घरी खिडकीत बसणार, आणि ही मला सांगत राहणार, रस्त्याने कोण चाललंय ते. भीती वाटते हो त्या खिडकीची. जोडा, जोडा तुमच्या वायरी, बोलत काय बसलोय मी.

हां! लागली! ऐकलात आवाज? एका झटक्यात! आता बंद नाही करायची, माहितीय, अर्धा तास फिरवतो. उतरा, काढा वायरी, लावा बॉनेट. अगं, चल, बस पटकन, पावणेअकरा झाले — बसलीस? दार लाव नीट. चला मिस्त्री, झालं तुमचं काम, या आता. व्हा बाजूला, गाडी पुढूनच काढायचीय मला.

झालात? अहो मिस्त्री, झालात ना बाजूला? बोला ना काहीतरी. असे मुकाट्याने काय — अगं, तू तरी सांग, पुढे कोणी उभं आहे का?

अगं? किल्लीवरचा माझा हात का धरलास?