अण्णाची फिल्म

माहितीपट म्हटला की मला वहिनी आठवते. मी हायस्कुलात असताना सरकारी फिल्मवाल्यांनी आमच्या कोरीट गावी येऊन माझ्या भावाची, अण्णाची, मोट हाकताना फिल्म काढली. दोनच महिन्यांत अण्णा साप चावून गेला. घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता.

मग ती फिल्म नंदुरबारच्या तंबू टॉकीजमध्ये लागली. वहिनी आईला म्हणाली, "बाई, माले बी लई चला."

"वरीस सरनं नही आनि सिनेमाले जाशी? लोके काय म्हनतीन?"

आम्ही सगळे दोनदा पाहून आलो. वहिनीने मला हळूच अण्णाबद्दल विचारलं, "हासत व्हतात का?"

वर्ष सरल्यावर आईनेच तिला तंबूत नेलं. पडद्यावर आता कोंबडीपालनाची फिल्म चालली होती. वहिनी शेवटपर्यंत बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई, कोंबड्या चांगल्या व्हत्यात."