सूर्याकडे पाठ

तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर आणि त्यांची बायको उभे होते. फॉर्म बाईंच्या हातात होता.

"आठ तासांचा प्रवास, अगं. दोन मिनिटांच्या अंधारासाठी."

"शाळेत तीन ग्रहणं दाखवलीत पोरांना. घरी येऊन एकदाही सांगितलं नाहीत, कसं दिसलं ते."

"दिसलं कुठे? चारशे पोरं आणि चाळीस चष्मे. कुणी उघड्या डोळ्यांनी वर बघू नये म्हणून मी सूर्याकडे पाठ करून उभा. नुसती शिट्टी वाजवत."

"एकदाही वळला नाहीत?"

"वळलो असतो आणि तेवढ्यात एखाद्याचे डोळे गेले असते तर?"

"कुणाचे गेले नाहीत ना? झालं तर मग."

"पुढच्या ग्रहणाला जाऊ की."

"पुढचं सात वर्षांनी आहे. तेव्हा तुम्ही ब्याऐंशीचे. मोतीबिंदू काढून डोळे नवे केलेत, ते काय नुसते पेपर वाचायला?"

"तसं नाही गं. तिथे मैदानावर हजार माणसं असणार. सूर्य पूर्ण झाकला की सगळे चष्मे काढतात. तो परत डोकावला की लगेच घालायचे असतात. ते त्यांना कोण सांगणार?"

"असेल कुणीतरी."

"आणि नसेल तर?"

बाईंनी फॉर्मवर दोघांची नावं लिहिली.

"शिट्टी घेऊ ना बरोबर?"

"घ्या. पण तिथे पोचलं की माझ्याकडे द्या."