नसलेली मूठ

मंडळी, आज तुम्हाला आधी एक प्रश्न विचारतो, मग कथेला लागू. हातात धरलेली वस्तू सोडायची तर काय करायचं? मूठ उघडायची! पाळण्यातल्या लेकरालाही येतं. पण हातच गेला, आणि मूठ मात्र आवळलेलीच राहिली — तर ती कुणी उघडायची?

मागच्या ओळीत कुणीतरी हसलं. हसा! जिची गोष्ट सांगणार आहे, तिचे शेजारीपाजारीही आधी असेच हसले होते.

तर ऐका. पंचगंगेच्या काठी एक गाव. गावाबाहेर तातोबाचं गुऱ्हाळ. हंगामात सकाळी धुकं आणि रस उकळणाऱ्या काहिलीची वाफ अशी एकात एक मिसळते की माणूस चालत येतोय का तरंगत येतोय, कळत नाही. तातोबाची बायको अनुसया चरकाला ऊस लावायची. दोघांचं सूत असं, की त्यानं हाक मारायची आणि हिनं न बघता ओ द्यायची.

एका सकाळी ती ऊस लावत होती. तिकडून तातोबानं हाक दिली, "अनुसया, च्या झाला का गं?" एवढंच! रोजचीच हाक. पण त्या दिवशी हिनं मान वळवली — आणि उसाबरोबर उजवा हात चरकात गेला.

जीव वाचला. हात कोपराखाली गेला. जखम भरली, टाके निघाले. आणि मंडळी, इथून खरी गोष्ट सुरू होते. कारण हात गेला, पण गेलाच नाही!

सकाळी अर्धवट झोपेत तिला वाटायचं, उजवा हात आहे. त्या हातानं ती पांघरूण सारखं करायची, कपाळावरची बट मागे सारायची. बोटांना गार वारासुद्धा लागायचा. मग डोळे उघडायचे. हात दिसायचा नाही, पण हाताची मूठ जाणवायची. शेवटच्या क्षणी ऊस धरला होता ना? तो ऊस अजून त्या मुठीत होता. घट्ट! नखं तळव्यात रुतायची. बाई कळवळायची. शेजारणी म्हणायच्या, नसलेला हात कसा दुखेल? अनुसया त्यांच्याशी बोलेनाशी झाली. तातोबाशी तर कधीचीच बोलत नव्हती. त्या मुठीत नुसता ऊस नव्हता, मंडळी. त्याची ती हाकसुद्धा होती. आणि तातोबा? त्यानं पुन्हा कधी तिला हाक मारली नाही. चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायचा आणि गुमान निघून जायचा.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, आपल्या मेंदूत सगळ्या अंगाचा नकाशा असतो. हात गेला तरी नकाशातला हात राहतो. मेंदू त्याला सांगतो, मूठ उघड. तिकडून उलट निरोपच येत नाही. आता लेकीचा फोन लागला नाही तर आपण काय करतो? पुन्हा लावतो. परत लावतो. जीव टांगणीला लागतो! मेंदूचं तसंच होत असावं. त्याला एकदा डोळ्यांनी दिसू द्या की मूठ उघडली. मधे आरसा उभा करा, डावा हात आरशापुढे, उजवा आरशामागे. डाव्याचं प्रतिबिंब उजव्याच्या जागी दिसेल. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण करून बघा.

अनुसयेनं आरसा घरी आणला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. खोटा हात बघून खरं दुखणं जातंय होय, म्हणाली. तुम्ही-मी तरी काय वेगळं म्हणालो असतो?

पुढे लेकीचं लग्न ठरलं. लेक केतकी. चुडा भरायचा दिवस आला. दुपारची वेळ, बाहेरच्या सोप्यात ऊन उतरलेलं. तानूबाई कासारणीनं बांगड्यांची पेटी उघडली आणि काचेचा हिरवा उजेड भिंतीवर थरथरायला लागला, सगळी खोली जशी पाण्याखाली गेली. अनुसया आत जाऊन बसली. एका हाताला कसला चुडा, म्हणाली. केतकी म्हणाली, "आई, तुझ्या हातात भरल्याबिगार मी भरणार न्हाई."

आता काय करते? आली बाहेर. पोरीनं गुपचूप तो आरसा आणून आईच्या दोन हातांमधे उभा केला. तानूबाईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं अनुसयेचा डावा हात धरला, अंगठा आत दुमडला, आणि जन्मभर हजारो बायकांना जे सांगितलं तेच सांगितलं.

"हात सैल सोड, बाय. आवळलास तर काच लागंल."

अनुसयेनं मान खाली घातली. आणि आरशात तिला दिसला — उजवा हात! मऊ, सैल, कासारणीच्या हातात विसावलेला. एक हिरवी बांगडी सरकत मनगटावर आली. मग दुसरी. तानूबाई आपली म्हणतेच आहे, सैल सोड, आणखी सैल. आरशातली बोटं एकेक करून उलगडली. आणि मंडळी, आरशामागे, जिथं काहीच नव्हतं तिथं, काहीतरी सुटलं. नखं तळव्यातून निघाली. ऊस गळून पडला. इतके दिवस धरलेला तो ऊस! ती बाई रडायला लागली. तानूबाई घाबरली, काच लागली का म्हणून विचारायला लागली.

"न्हाई," अनुसया म्हणाली. "सुटला."

एका बैठकीत कायमचं दुखणं गेलं असं मी सांगणार नाही. मूठ पुन्हा वळली. तिनं पुन्हा आरसा मांडला. रोज मांडत राहिली, तेव्हा कुठं ती ढिली पडत गेली. पण त्या दुपारी एक झालं. तातोबा दाराशी खांबाला टेकून उभा होता, डोळे भरलेले. अनुसयेनं त्याच्याकडे बघितलं. आणि त्या सकाळी द्यायची राहिलेली ओ तिनं आता दिली.

"च्या टाकते. बसा."

मंडळी, तिचा तरी हात गेला होता. तुमचं काय? भावानं कधीकाळी टाकलेला एक शब्द. सुनेनं न उचललेला एक फोन. शब्द वाऱ्यावर गेला, तो दिवसही गेला, आणि मूठ? बघा जरा, नखं कुणाच्या तळव्यात रुतताहेत! रागाला नुसतं जा म्हणून तो जात नाही. समोर बसावं लागतं, डोळ्यांनी बघावं लागतं, आणि रोज थोडं सैल सोडावं लागतं.

आता नामाचा गजर करायचा आहे. टाळ्या हव्यात. पण मुठी घेऊन बसलात तर टाळी वाजेल कशी? उघडा बरं सगळ्यांनी! त्या तिकडे खांबाशी अनुसयाबाई बसल्यात, शेजारी तातोबा. तातोबांनी आपला उजवा तळवा पुढे धरलाय, आणि बाई त्यावर आपला डावा हात वाजवताहेत. बघा, हिरव्या बांगड्याही वाजताहेत. त्यांच्या ठेक्यावर घ्या — विठ्ठल, विठ्ठल!