पालीच्या दऱ्या दर्यात गेल्या त्याबाबत

नाव : दत्तात्रेय रामकृष्ण आठल्ये, वय ५२ वर्षे, धंदा वार्ताहर, राहणार वरची आळी, रत्नागिरी. दिनांक २२ नोव्हेंबर २००५.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी कुसुम हिच्यासह राहतो. माझे शिक्षण संस्कृत घेऊन एम. ए. मुंबईच्या एका दैनिकाला मी जिल्ह्याच्या बातम्या पाठवतो.

माझी पहिली तक्रार पंचनाम्याविषयी आहे. काल कॉम्प्युटरच्या क्लासमधून जप्त केलेल्या सीडींवर माझ्या अक्षरात 'मुक्तस्रोत' असे लिहिलेले आहे. पंचनाम्यात त्याचे 'मुक्तस्त्रोत' झाले. मूळ धातू स्रु, म्हणजे वाहणे. त्यात अर्धा त नाही, कधी नव्हता. जप्त मालात नसलेला हा अर्धा त पंचांनी कोठून पैदा केला, याची चौकशी व्हावी. जबाब लिहून घेणारे हवालदार काशीराम यावर म्हणाले, "गुरुजी, सगळे तसंच लिहितात." सगळे करतात म्हणून माफ होऊ लागले तर या ठाण्याचे काम फारच हलके होईल, असे मी त्यांना नम्रपणे सांगितले.

मुक्तस्रोत म्हणजे असा कॉम्प्युटरचा प्रोग्राम, की ज्याची मूळ लिखावट करणाऱ्याने झाकून ठेवलेली नसते. ती वाचावी, दुरुस्त करावी, तिच्या नकला काढून वाटाव्यात, अशी त्याची लेखी परवानगी प्रोग्रामसोबतच येते.

जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर चढवायला कोणता प्रोग्राम घ्यावा, कंपनीचा की मुक्तस्रोत, हे येत्या गुरुवारी जिल्हाधिकारी साहेबांच्या बैठकीत ठरणार आहे. एका खाजगी कंपनीचा प्रोग्राम तूर्त पाली गावासाठी चाचणीला लावलेला आहे. पालीच्या गोदूबाई यांच्या शेताचे स्थानिक नाव 'दऱ्या'. दरी, अनेकवचन दऱ्या. कंपनीच्या प्रोग्रामला आपला ऱ्य लिहिता येत नाही, तो र्य लिहितो. त्यामुळे छापील उताऱ्यात गोदूबाईंचे शेत 'दर्या' झाले. पालीहून समुद्र पाहायचा तर एस.टी. पकडावी लागते.

मागच्या आठवड्यात मी गोदूबाईंना घेऊन साहेबांच्या कचेरीत गेलो. कंपनीचे प्रतिनिधी तेथे होते. गोदूबाई म्हणाल्या, "सायब, माजी जमीन दर्यात बुडवलात. आता मी नांगर आणू का व्हडी?" प्रतिनिधींनी सांगितले की, पुढच्या आवृत्तीत होऊन जाईल, वर कळवले आहे. "वर म्हंजे? देवाला?" असे गोदूबाईंनी विचारले.

योगिनी भाटकर, वय २७, मूळ राहणार मालगुंड, या रत्नागिरीत कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. त्या माझ्यासोबत होत्या. मुक्तस्रोत प्रोग्रामातही ऱ्यची हीच खोड होती, ते मी लपवत नाही. फरक एवढाच की तो उघडता येतो. योगिनी यांनी तो साहेबांच्या समोर उघडला, चूक होती ती जागा दाखवली, आणि साहेब जेवून येईपर्यंत गोदूबाईंची जमीन पाण्याबाहेर काढली. नव्या छापील कागदावरचे 'दऱ्या' गोदूबाईंना मी वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "बरा झाला. बैल पाण्यात पवणारे नव्हते."

साहेब म्हणाले, "आठल्ये, फुकट ते पौष्टिक हे मलाही ठाऊक आहे. पण उद्या बिघडलं तर मी मान कोणाची धरू?" मी म्हणालो, "धरायची वेळच येणार नाही. कोणीही दुरुस्त करील." यातील 'कोणीही' या शब्दाखाली रेघ मारावी असे मी हवालदारांना सांगितले. त्यांनी मारली आहे. साहेब हसले आणि गुरुवारी दोन्ही प्रोग्राम बैठकीत चालवून दाखवा म्हणाले.

काल दुपारी कोणीतरी ठाण्यात फोन करून क्लासमध्ये चोरीच्या सीडी बनतात असे कळवले. फोन कोणाचा, याबद्दल संशय आहे का असे मला विचारण्यात आले. आहे. पण जे मी छापू शकत नाही ते लिहूनही देत नाही. पोलिसांनी क्लासमधल्या सर्व सीडी व दुरुस्त केलेला प्रोग्राम असलेले मशीन नेले. प्रत्येक सीडीवर मीच मार्करने 'नकला कराव्यात, वाटाव्यात' असे लिहिले होते. फौजदारसाहेबांच्या मते हा गुन्ह्याचा कबुलीजबाबच आहे. "असा सुवाच्य पुरावा आम्हाला पहिल्यांदाच मिळाला," असे ते म्हणाले. मी आभार मानले.

प्रोग्रामच्या कर्त्याची परवानगी इंग्रजीत आहे. तिचे मराठी भाषांतर करून मी आज हजर केले आहे. फौजदारसाहेबांनी ते दोनदा वाचले. गुन्हा टिकणार नाही याबद्दल मला शंका नाही, आणि आता बहुधा त्यांनाही नसावी. मशीन गुरुवारपूर्वी परत मिळावे अशी विनंती आहे. नाही मिळाले तर बैठकीत एकच प्रोग्राम उरेल, आणि पालीबरोबर सगळा जिल्हा दर्यात जाईल.

योगिनी यांना सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसवलेले आहे. मी आत येताना त्या म्हणाल्या, "काका, तुमचं मराठी सुंदर आहे हो. पण मला आत घालणारं आहे." मी चहा आणू का विचारले. त्या म्हणाल्या, "नको. पुण्याच्या कंपनीचा नोकरीसाठी पुन्हा फोन आलाय. बाबा म्हणतात, जा. तिथे निदान पोलीस येत नाहीत."

आणखी काही सांगायचे आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, मशीन मिळेल, आणि गुरुवारी मुक्तस्रोतच लागेल याची मला खात्री आहे. काळजी त्यानंतरची आहे. मी साहेबांना 'कोणीही' म्हणालो. तो प्रोग्राम उघडून दुरुस्त करणारे माणूस मी खेडपासून राजापूरपर्यंत शोधले आहे. मला एकटी योगिनी सापडली. ती गेली तर पुढच्या वेळी कोणाला बोलवायचे, ते मला माहीत नाही.

हवालदारांनी सर्व मजकूर मोठ्याने वाचला, मी तो ऐकला. 'स्रोत' सर्वत्र बरोबर आहे, बाकीही माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. 'कोणीही' हा शब्द तसाच ठेवला. त्याखालची रेघ माझ्या विनंतीवरून खोडली असून खोडल्या जागी माझी सही आहे.