मला पित्त होतच नाही!

...नाही, तुम्हीच सांगा, आजार व्हावा तर चार लोकांना सांगता येईल असा व्हावा ना? दमा म्हणा, लोक खिडकी उघडतात. मधुमेह म्हणा, बिस्किटं लपवतात. आणि मी नुसतं "पित्ताची भानगड आहे" म्हणालो, की समोरचा खूश! "पित्त ना? अहो, मलाही होतं! उपाशी राहू नका!" अहो, मला पित्त झालेलं नाही, मला पित्त होतच नाही!

तुम्हाला सांगतो, यकृताने जे पित्ताम्ल बनवायचं, ते माझं यकृत बनवतच नाही. जन्मापासून संपावर! मग भलतीच चरबी साठते, टाचेमागे गाठी, मेंदूतसुद्धा... मी शिंपी माणूस, मशीन पायावर चालणारं, आणि पायच भरकटायला लागले! रस्त्याने झोकांड्या खात निघालो की गिऱ्हाइकं म्हणायची, "काय मास्तर, भरदुपारी?" थेंबाला शिवलो नाही हो कधी!

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आजार पकडला. त्याच पित्ताम्लाची कॅप्सूल दिली, जन्मभरासाठी. म्हणाल्या, "अख्खी गिळायची. चुकली तर दुप्पट घ्यायची नाही. यकृताला सोसतंय का, ते रक्त तपासून बघत राहू. आणि दुसरं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय नाही!" मी मान डोलावली. ताईने माझ्यापेक्षा जोरात डोलावली. ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, आणि अजून वाढवतेच आहे!

पहिल्या तपासणीत रक्तातलं त्या चरबीचं प्रमाण उतरलं होतं. पुढच्या तपासणीला बाईंनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला. "मास्तर, कॅप्सूल घेता ना?"

"देवाशपथ घेतो!"

"मग उतरलेलं परत वाढलं कसं?"

तर ताई मागून, अगदी कौतुकाने, "अहो, मी तर वरून पित्ताचं औषधही देते! ते पांढरं, घट्ट. कॅप्सूलबरोबरच्या दुधात कालवते, त्याला कळतसुद्धा नाही!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, ते पांढरं औषध कॅप्सूलला पोटातच अडवून धरतं! अंगी लागूच देत नाही!"

"पण याला पित्त..."

"ताई, मला पित्त होतच नाही!" असा ओरडलो मी! पित्त खवळलंच म्हणा ना माझं... पण खवळायला तरी असायला हवं की नको?

ताई रडायलाच लागली हो. हळूच विचारते, "याची चाल... येईल ना परत?" बाई म्हणाल्या, "गेलेली बहुतेक नाही. राहिलीय ती सांभाळू." आता सांगा, कुणावर चिडायचं? जिच्या हाताला धरून दवाखान्याचा जिना उतरायचा, तिच्यावर?

घरी येऊन तिने पांढऱ्या बाटल्या सगळ्या मोरीत ओतल्या. आणि काळजीने आता तिचीच छाती जळते, आंबट ढेकर येतात. म्हटलं, "ताई, तुला चालतं, घे की चमचाभर!" तर म्हणते, "ते विष या घरात येणार नाही!" आणि बसते छाती चोळत...

घरात माणसं दोन, दोघांत मिळून पित्त एक, आणि तेही तिच्याच वाट्याला!