माझ्यादेखत गिळायच्या गोळ्या

— नाही सुतारदादा, फळीवर ठेवून जाता येणार नाही. माझ्यादेखत गिळायच्या, तसाच नियम आहे. जेवण झालंय ना? मग झालं तर. हत्तीरोगाच्या या तीन पांढऱ्या आणि ही एक चघळायची, वर्षातून एकदा — त्यात एवढं कपाळाला आठ्या घालण्यासारखं काय आहे? तुम्हाला काही झालेलं नाही, कबूल. पण पाय सुजलेलाच माणूस आजारी असतो असं थोडंच आहे? त्याला चावलेला डास तुम्हाला चावतो, आणि दोऱ्यासारखे जंतू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतात — कळतं तेव्हा पायाचा खांब झालेला असतो.

आणि लेकीला वगळा म्हणता. गेल्या वर्षी उलट्या झाल्या, ताप आला — हो, आठवतंय, माझ्या दारात येऊन भांडला होतात. तो रंधा जरा बाजूला घ्या, बसते मी. अहो, जंतू मरायला लागले म्हणून ताप आला. ज्याच्या अंगात काही नसतं त्याला सहसा काही होत नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं — म्हणजे, सांगितलं होतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

माझी लेक अशीच. बारा वर्षांची होती. पहिल्याच वर्षी गोळ्या घेतल्या आणि दोन दिवस तापाने फणफणली. 'आई, पुन्हा नको ना गं.' आणि मी — घरोघरी लोकांना जीभ वर करायला लावणारी मी — दुसऱ्या वर्षी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि गोळ्या चुलीत टाकल्या. तिसऱ्या वर्षीही. मग हात सरावला. सहा वर्षं, दादा.

आता एकोणीसची आहे. उजवा पाय. आधी चप्पल घट्ट व्हायला लागली, मला वाटलं, वाढतं वय. मग घोटा दिसेनासा झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, 'दर वर्षी गोळ्या घेत होतीस का?' तुमच्याशी खोटं कशाला बोलू — लेकीचा पाय समोर होता आणि मला माझी नोकरी दिसत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, 'हो. दर वर्षी घेतल्या.'

रोज संध्याकाळी मी तिचा पाय साबणाने धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, उशीवर ठेवते. आणखी वाढू द्यायचा नाही एवढंच हातात आहे, उतरेल असं कुणी म्हणत नाही. मी पुसत असते, ती पुस्तक वाचत असते. एकदा ओरडली असती तर — जाऊ दे.

हे सांगायला आले नव्हते मी. असे बघू नका. वर कळवायचं तर कळवा, मी अडवणार नाही. पण आधी — हां, प्या पाणी. तोंड उघडा. जीभ वर. झालं. आता तुमच्या लेकीला बोलवा, दाराआडून मघापासून ऐकतेय ती. ताप आलाच तर निरोप धाडा, मी येऊन बसेन तिच्याजवळ. ये गं बाळा. घाबरू नकोस — घाबरलीस तरी चालेल. गीळ.